दुसरा माणूस परत द्या

पेट्रोल पंपावरचं मशीन दुरुस्त करायला पूर्वी दोघं जायचो. आमच्या भागात या एप्रिलपासून ती जोडी मोडली. आता एकटा पोरगा मोटरसायकलवरून जातो आणि ‘कॉल’ ठरलेल्या वेळेत बंद करतो. निवृत्तीच्या तोंडावर ही गोष्ट मनाला लागली.

पहिली काही वर्षं फिरत्या आकड्यांच्या जुन्या मशीनांवर गेली. बेल्ट बदला, गळती थांबवा, निघा. मनात राहिली ती 1995 ते 2005 ही वर्षं. इलेक्ट्रॉनिक मशीनं आली. 1 एप्रिल 2002 पासून सरकारी दरपद्धत मोडीत निघाली, खासगी कंपन्या उतरल्या आणि हायवेवर पंपांची रांग लागली. काम अंगावर कोसळलं, पण शिस्तही त्याच काळात हाडीमाशी खिळली.

आमचे सीनिअर सांगायचे, “आधी शंकू, मग पाना.” चारी बाजूंनी शंकू लावायचे. पॅनेल रूममध्ये त्या मशीनचा एमसीबी पाडून कुलूप घालायचं, चावी स्वतःच्या खिशात. वीज खरंच गेली का, ते टेस्टरने बघायचं. पंप टाकीत असेल तर मशीनखालचा शिअर व्हॉल्व्ह बंद करायचा. उरलेलं पेट्रोल काढायला अर्थिंग केलेली धातूची बादली. प्लास्टिकची बादली म्हणजे स्थिर विजेला आमंत्रण. आणि हे सगळं चालू असताना दुसरा माणूस आग विझवायच्या पावडरचा सिलिंडर घेऊन उभा.

हा बाऊ नव्हता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड, ती मशीनखालच्या खड्ड्यात साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की एक ठिणगी पुरते. खड्ड्यात वाकलेल्याला मागे कोण गाडीला किक मारतोय ते दिसत नाही. ते बघायलाच दुसरा हवा.

फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्सही तोच तपासायचा. आत स्फोट झालाच, तर जळते वायू झाकणाच्या अरुंद फटीतून येताना थंड पडावेत, अशी त्याची रचना. एक बोल्ट राहिला की फट वाढते आणि बॉक्सचा उपयोग संपतो. दिवसअखेर थकलेल्या हातांकडून तो एक बोल्ट सहज राहतो.

एका पंपाच्या मॅनेजरने, दुसऱ्या बाजूची विक्री थांबेल म्हणून, आम्हाला वीज पाडू दिली नाही. आम्ही काम थांबवलं. वरिष्ठांनी आमच्याच नावावर ‘विलंब’ लिहिला. तो शेरा चुकीचा होता, हे आजही ठामपणे सांगतो.

पुढची वर्षं भराभर गेली. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभरातल्या पंपांवर छापे घातले, पल्सरमधली, म्हणजे किती इंधन गेलं ते मोजणाऱ्या भागातली, हेराफेरी उघड झाली. सील आणि पाच लिटरच्या मापाची तपासणी कडक झाली, ते योग्यच. पण ग्राहकाच्या पाच लिटरची जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी मशीन उघडणाऱ्याच्या जिवाची घेतली गेली नाही.

पंपमालकांनो, कामाला एकटाच माणूस आला तर मशीन उघडू देऊ नका. कंपन्यांनो, दुसऱ्या माणसाचा पगार वाचवू नका. आणि वाचकहो, शंकू दिसले की गाडी लांब थांबवा आणि पाच मिनिटं धीर धरा.