खिडकी, नोंदवही आणि फलक : वेब ॲप्लिकेशनची अंतर्गत रचना

शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, रेल्वेचे आरक्षण, सातबाराचा उतारा अशी कितीतरी कामे आज कार्यालयाच्या खिडकीवरून मोबाईलच्या पडद्यावर आली आहेत. ज्या घरांतून पहिल्यांदाच कोणी संगणकाच्या व्यवसायात गेले, त्या घरांतील आईवडील मुलाच्या कामाविषयी अभिमानाने बोलतात; परंतु ते काम नेमके कोणते, हे विचारल्यास ‘कॉम्प्युटरवर बसतो’ यापलीकडे त्यांना सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात त्या कामातील एका महत्त्वाच्या रचनेची ओळख करून देण्याचा प्रयत्न आहे. या रचनेचे नाव मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, अर्थात एमव्हीसी.

संकेतस्थळ आणि ॲप्लिकेशन

साधे संकेतस्थळ म्हणजे छापील पत्रकाचेच विजेवर चालणारे रूप होय. येणाऱ्या प्रत्येकास ते तोच मजकूर दाखवते. वेब ॲप्लिकेशन याहून वेगळे असते. ते आपल्याला ओळखते, आपल्याकडून माहिती घेते, ती तपासते, जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच आपल्यापुढे मांडते.

अशी ॲप्लिकेशने प्रथम लिहिली जाऊ लागली तेव्हा बहुधा सर्व मजकूर एकाच फाईलमध्ये कोंबलेला असे. पडद्यावरील रंग व अक्षरे, माहिती साठवण्याच्या आज्ञा आणि कार्यालयाचे नियम यांची त्यात सरमिसळ होई. लहान कामात हे खपून जाते. मात्र उत्पन्नाची मर्यादा बदलली आणि तो आकडा सतरा ठिकाणी लिहिलेला असला, तर सोळा जागी दुरुस्ती होते व एक राहून जाते. त्या राहिलेल्या जागेमुळे एखाद्या पात्र विद्यार्थ्याचा अर्ज नाकारला जातो आणि त्याचे कारण कोणालाच सापडत नाही.

कल्पनेचा उगम

या अडचणीवरील उपाय इंटरनेटच्या पृष्ठांपेक्षा जुना आहे. ट्रिग्वे रीन्सकाउग हे नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ जहाजबांधणीसाठी लागणाऱ्या संगणकप्रणालींवर काम करीत असत. १९७८-७९ मध्ये ते अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पाहुणे संशोधक म्हणून राहिले. तेथे स्मॉलटॉक या भाषेवर काम चालू होते. १९७९ मध्ये लिहिलेल्या टिपणांतून त्यांनी मॉडेल, व्ह्यू व कंट्रोलर या तीन भागांची कल्पना मांडली. माणसाच्या मनात एखाद्या कामाचे जे चित्र असते आणि संगणकात त्याच कामाची जी मांडणी असते, या दोहोंतील अंतर मिटावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे वेब ॲप्लिकेशनच्या गरजेनुसार काही फेरफार करून हीच विभागणी तेथेही स्वीकारली गेली.

तीन भाग, तीन जबाबदाऱ्या

शाळेच्या कार्यालयाची कल्पना करावी. कपाटात नोंदवही असते, खिडकीवर लिपिक बसलेला असतो आणि बाहेर भिंतीवर फलक लावलेला असतो. माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या एखाद्या शिष्यवृत्ती निधीसाठी ॲप्लिकेशन करायचे असे समजू.

मॉडेल म्हणजे नोंदवही आणि तिचे नियम. अर्जदाराचे नाव, इयत्ता, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न, मागितलेली रक्कम व समितीचा निर्णय हे तिचे रकाने. नाव रिकामे नसावे, रक्कम शून्याहून अधिक असावी, एका विद्यार्थ्याचा एका वर्षात एकच अर्ज असावा, हे नियमही येथेच लिहायचे. अर्ज मोबाईलवरून येवो की कार्यालयातील संगणकावरून, नियम एकाच ठिकाणी तपासला जातो.

व्ह्यू म्हणजे फलक. तीच माहिती समितीला तक्त्याच्या रूपात, तर पालकांना एका ओळीच्या निर्णयाच्या रूपात दाखवता येते. फलकाने हिशेब करू नये आणि निर्णयही घेऊ नये. दिलेले नीट मांडावे, एवढेच त्याचे काम.

कंट्रोलर म्हणजे खिडकीवरील लिपिक. आलेला मनुष्य कोण, त्याची मागणी कोणती, ती करण्याचा त्याला अधिकार आहे काय, हे तो पाहतो. नोंदवहीकडून काम करवून घेतो आणि कोणता फलक दाखवायचा ते ठरवतो.

ही विभागणी कामांची आहे, काम करणाऱ्यांची नव्हे. लहान संस्थेत एकच प्रोग्रामर तिन्ही भाग लिहितो. परंतु कोणता नियम कोठे शोधायचा, हे त्याला आणि त्याच्यानंतर येणाऱ्यालाही ठाऊक असते.

एका अर्जाचा प्रवास

विद्यार्थ्याने फॉर्म भरून ‘पाठवा’ हे बटण दाबले की ब्राउझर ती माहिती सर्व्हरकडे रवाना करतो. तेथे प्रथम राउटर हा भाग पत्ता वाचतो आणि ही विनंती कोणत्या कंट्रोलरकडे न्यायची ते ठरवतो. कंट्रोलर अर्जदाराची ओळख पटवतो आणि माहिती मॉडेलकडे सोपवतो. मॉडेल नियम तपासते. सर्व ठीक असेल तर नोंद डेटाबेसमध्ये लिहिली जाते आणि विद्यार्थ्यास पोच दाखवली जाते. काही चुकले असेल, तर तोच फॉर्म भरलेल्या मजकुरासह परत येतो आणि कोणत्या रकान्यात काय उणे आहे ते सांगतो. चांगले ॲप्लिकेशन येथेच ओळखू येते. ‘त्रुटी आढळली’ एवढेच सांगून सगळा फॉर्म कोरा करणारी यंत्रणा अर्जदाराच्या वेळेची किंमत जाणत नाही.

फ्रेमवर्क म्हणजे काय

प्रत्येक इमारतीसाठी कोणी विटा नव्याने भाजत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक ॲप्लिकेशनला लागणारी सामाईक यंत्रणा आधीच तयार करून ठेवलेली असते. तिला फ्रेमवर्क म्हणतात. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रामरने बेसकॅम्प या ॲप्लिकेशनच्या कामातून वेगळे काढलेले रूबी ऑन रेल्स २००४ मध्ये प्रसिद्ध केले. संकेत पाळल्यास वेगळ्या सूचना देण्याची गरज पडू नये, हे त्याचे तत्त्व. मॉडेलचे नाव एकवचनी ठेवले की त्याच नावाचा अनेकवचनी तक्ता डेटाबेसमध्ये आहे, असे रेल्स गृहीत धरते.

पायथन भाषेतील जँगो हे अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. वृत्तपत्राला बातमीच्या वेगाने नवी पाने उभी करावी लागत, त्या निकडीतून ते घडले. त्यात नावे थोडी वेगळी आहेत : इतर ज्याला व्ह्यू म्हणतात त्याला जँगोत टेम्प्लेट म्हणतात, आणि कंट्रोलरचे बरेचसे काम तेथे व्ह्यू करतो. पीएचपी भाषेतील लाराव्हेल २०११ मध्ये आले. ही तिन्ही साधने मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात. शिकण्यासाठी लागतो तो एक साधा संगणक, इंटरनेट आणि चिकाटी.

मार्च २०१२ ची घटना

फ्रेमवर्क वापरले म्हणजे ॲप्लिकेशन सुरक्षित झाले, असा समज होण्याची शक्यता असते. तो किती अपुरा आहे, हे एका घटनेने जगाला दाखवून दिले.

फॉर्ममधील सर्व रकाने एकगठ्ठा मॉडेलमध्ये भरण्याची सोय रेल्समध्ये होती. तिच्यामुळे काम झटपट होई. पण ब्राउझरवर दिसणारा फॉर्म आणि प्रत्यक्षात सर्व्हरकडे पाठवली जाणारी माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाणकार मनुष्य फॉर्मवर नसलेला रकानाही स्वतः जोडून पाठवू शकतो. आपल्या उदाहरणात, एखाद्या अर्जदाराने ‘निर्णय : मंजूर’ हा रकाना गुपचूप जोडला, तर निष्काळजीपणे लिहिलेले ॲप्लिकेशन तोही निमूटपणे नोंदवहीत लिहील.

एका तरुण प्रोग्रामरने हा धोका रेल्सच्या कर्त्यांच्या निदर्शनास आणला होता. रकाने रोखण्याची सोय उपलब्ध आहे, ती वापरणे ज्याच्या त्याच्या हाती आहे, असे उत्तर त्यास मिळाले. जगभरातील प्रोग्रामर आपला कोड जेथे ठेवतात ते गिटहब रेल्सवरच उभारलेले होते. मार्च २०१२ मध्ये या तरुणाने तेथे आपली प्रवेशाची किल्ली नोंदवण्याच्या फॉर्ममधून मालकाचा क्रमांक बदलून पाठवला. त्यामुळे त्याची किल्ली रेल्सच्या खात्यावर नोंदली गेली आणि खुद्द रेल्सच्या कोडमध्ये त्याला नोंद करता आली.

२०१३ मध्ये आलेल्या रेल्सच्या चौथ्या आवृत्तीत ही तपासणी कंट्रोलरकडे आली. फॉर्ममधील कोणते रकाने स्वीकारायचे, याची यादी आता तेथे लिहावी लागते. यादी न देता सर्व माहिती सरळ मॉडेलकडे सोपवली तर फ्रेमवर्क ते काम नाकारते. खिडकीवरच्या लिपिकाने कोणता कागद घ्यायचा हे आधी सांगावे, मगच कागद आत जाईल, असा हा दंडक.

जे फ्रेमवर्क करू शकत नाही

आजची फ्रेमवर्क अनेक धोके परस्पर टाळतात. मात्र कोणी काय पाहावे, हे ती ठरवू शकत नाहीत. पत्त्यातील ४१ या क्रमांकाऐवजी ४२ लिहिल्यावर दुसऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज उघडत असेल, तर तो दोष लिहिणाऱ्याचाच. त्या अर्जात घरचे उत्पन्न असते, जातीचा दाखला असतो, कधी आजारपण अथवा पालकांच्या निधनाची नोंद असते. मुलाने ते विश्वासाने लिहिलेले असते. म्हणून ‘हा अर्ज याच व्यक्तीचा आहे काय’ ही एक ओळ कंट्रोलरमध्ये लिहिणे हे तांत्रिक काम तर आहेच, त्याचबरोबर कोणाच्या घरची अडचण चारचौघांत उघडी पडू नये, याचीही ती काळजी आहे.

नोंदवहीत कोणते रकाने असावेत, हाही असाच प्रश्न. ज्या माहितीची निर्णयासाठी गरज नाही, ती मागूच नये. जी साठवलेलीच नाही, ती कधी फुटत नाही. ‘वडिलांचे नाव’ हा रकाना सक्तीचा केला, तर केवळ आईने वाढवलेल्या मुलाचा अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो. मॉडेलमधील एका शब्दाने हे घडते आणि एका शब्दाने टळतेही.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुरुवातीस मोठ्या बाजारपेठेची नक्कल करू नये. गावातील वाचनालयाची देवघेव, बचत गटाचे हप्ते, वसतिगृहाच्या कोठीतील धान्याचा साठा यांपैकी एखादी खरी वही निवडावी. प्रथम कागदावर रकाने लिहावेत, मग नियम, मग कोणी काय पाहावे याची यादी करावी आणि त्यानंतरच संगणक उघडावा. ती वही रोज हाताळणाऱ्या व्यक्तीजवळ तासभर बसावे. कोणता रकाना नेहमी रिकामा राहतो आणि कोणती नोंद समासात लिहावी लागते, हे तिच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. मॉडेलचा पहिला आराखडा तेथूनच तयार होतो.