आभासी खाजगी जालातील दोषशोधन

आभासी खाजगी जालातील दोषशोधन : दोन दूरस्थ कार्यालयांची अंतर्गत संगणक जाले सार्वजनिक इंटरनेटवरून सुरक्षितपणे जोडणाऱ्या व्यवस्थेस स्थान-ते-स्थान आभासी खाजगी जाल किंवा व्हीपीएन म्हणतात. प्रत्येक टोकास असलेले गेटवे यंत्र पॅकेट कूटबद्ध करून नव्या वेष्टनात घालते व दुसरे ते उलगडते. या मार्गास ‘बोगदा’ अशी संज्ञा आहे. यासाठी बहुधा आयपीसेक संकेतप्रणाली वापरतात. तिची पहिली मानके १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. बोगदा सुरू असल्याची खूण दिसली म्हणजे वाहतूक होतेच असे नाही. म्हणून दोष कोणत्या टप्प्यावर आहे, हे क्रमाने ठरवावे लागते.

जुळणीचे दोष : गेटवे प्रथम एकमेकांची ओळख पटवून कूटलेखनाची रीत ठरवितात. हा व्यवहार यूडीपी पोर्ट ५०० वरून चालतो; वाटेत पत्ता बदलणारे यंत्र असल्यास पोर्ट ४५०० वापरतात. मुळीच उत्तर येत नसल्यास हे पोर्ट अडले आहेत काय ते पाहावे. उत्तर येऊनही जुळणी फिसकटल्यास सामायिक किल्ली, कूटलेखनाची रीत किंवा संरक्षित पत्त्यांची व्याप्ती दोन टोकांना निराळी असण्याचा संभव असतो. नकाराचे कारण बहुधा नाकारणाऱ्या टोकाच्या नोंदीत स्पष्ट सापडते.

मार्गाचे दोष : जुळणी झाल्यावर दोन्ही गेटवेंवरील कूटबद्ध केलेल्या व उलगडलेल्या पॅकेटांची संख्या ताडून पाहावी. पहिल्या टोकाची कूटबद्ध संख्या वाढतच नसल्यास दोष त्याच बाजूस असतो. ती वाढूनही दुसऱ्या टोकास काही उलगडले जात नसल्यास मधला मार्ग तपासावा. तेथे उलगडूनही परतीचे पॅकेट निघत नसल्यास तेथील मार्गनोंद किंवा फायरवॉल सदोष असते. दोन्ही कार्यालयांत १९२.१६८.१.० सारखी एकच पत्तामालिका असल्यास पलीकडचा संगणक आपल्याच जालात आहे असे समजले जाते व पॅकेट गेटवेकडे जातच नाही.

आकारमानाचे दोष : हा दोष सर्वांत फसवा होय. लहान चाचणी-पॅकेट पोहोचतात, परंतु मोठी फाइल मध्येच अडकते. ईथरनेटवर पॅकेटची नेहमीची मर्यादा १,५०० बाइट असते. वेष्टनामुळे त्यात साधारणतः ५० ते ८० बाइटांची भर पडते. आकार कमी करण्याची सूचना देणारा आयसीएमपी संदेश एखाद्या फायरवॉलने अडविल्यास प्रेषक संगणक मोठीच पॅकेट पाठवीत राहतो. विभाजनास मनाई करून वाढत्या आकाराची पॅकेट पाठविल्यास खरी मर्यादा कळते. मग टीसीपी खंडाचा आकार १,३६० बाइटांच्या आसपास ठेवतात.

दक्षता : एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवावी. काम अडले म्हणून फायरवॉल बंद करणे किंवा दुर्बल कूटलेखन स्वीकारणे घातक ठरते. ५६ बिट किल्लीची डीईएस पद्धत १९९८ मध्येच तीन दिवसांच्या आत फोडली गेली होती. असे तात्पुरते उपाय पुष्कळदा तसेच राहून जातात आणि एका शाखेतील उणिवेमुळे बोगद्याने जोडलेली सर्व कार्यालये धोक्यात येतात.