पाठदुखी आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन

आपल्या पृष्ठवंशात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ मणके असतात. मधल्या १२ मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे हा भाग मानेइतका किंवा कमरेइतका वाकत नाही. म्हणूनच तेथील दुखणे त्या मानाने कमी आढळते. परंतु ते उद्भवले म्हणजे रोगी हैराण होतो. मज्जातंतू दुखावल्यास कळ बरगडीच्या कडेने छातीपर्यंत येते आणि हृदयविकाराची शंका मनात डोकावते. अशा दुखण्यावर जे उपाय योजले जातात, त्यांपैकी एक म्हणजे स्टेरॉइडचे इंजेक्शन होय.

या औषधाचे मूळ आपल्या शरीरातच आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ग्रंथींतून जे स्राव रक्तात मिसळतात, त्यांत दाह शमविणारी द्रव्ये असतात. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये, फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला असे एक द्रव्य, कॉर्टिझोन, टोचले. थोड्याच दिवसांत ती हिंडूफिरू लागली! १९५० साली हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेयुश राइकश्टाइन यांना या ग्रंथिस्रावांवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पण लवकरच एक कटू सत्यही उघड झाले. औषध थांबताच व्याधी परतत असे, आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होत. तेव्हा औषध सर्व शरीरात न भिनविता दुखऱ्या जागीच पोहोचवावे, हा विचार पुढे आला.

पाठीत हे इंजेक्शन मणक्यांमधील लहान सांध्यांत अथवा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील अरुंद जागेत देतात. डॉक्टर क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून सुई पुढे नेतात. सोबतच्या बधिर करणाऱ्या औषधाचा परिणाम काही तासच टिकतो. स्टेरॉइडचा गुण काही दिवसांनी दिसू लागतो. लागू पडल्यास आराम काही आठवडे, क्वचित काही महिने राहतो. त्याने सूज ओसरते, परंतु झिजलेली चकती किंवा मोडलेला मणका त्याने सांधत नाही. मिळालेल्या उसंतीत व्यायामाने पाठीचे स्नायू बळकट करावे, यातच त्याचे खरे सार्थक आहे.

या जागी धोकाही आहे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. पण छातीमागे तो सुईच्या अगदी जवळ असतो, आणि फुप्फुसही दूर नसते. २०१२ साली अमेरिकेत बुरशीने दूषित झालेल्या स्टेरॉइडच्या कुप्यांमुळे ७०० हून अधिक माणसे आजारी पडली व त्यांपैकी ६० हून अधिक दगावली. २०१४ साली तेथील औषध प्रशासनाने असा इशारा दिला, की मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिलेल्या अशा इंजेक्शनाने क्वचित अंधत्व, पक्षाघात किंवा मृत्यूही ओढवू शकतो. मधुमेही रोग्याच्या रक्तातील साखर काही दिवस वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात आणखी एक सावधगिरी अगत्याची आहे. क्षयाचे जंतू मणक्यांतही घर करतात. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या रोगाचे वर्णन केले होते. तो पुष्कळदा मधल्या व खालच्या पाठीत आढळतो आणि आरंभी साध्या पाठदुखीसारखाच वाटतो. स्टेरॉइड दाहाबरोबर शरीराची प्रतिकारशक्तीही दडपते. म्हणून निदानापूर्वी ते टोचल्यास वेदना दबून रोग आतून पसरण्याची भीती असते. क्षयावर मात्र खात्रीची औषधे आहेत, आणि ती वेळीच मिळाली तर रोगी बरा होतो.

यास्तव पाठदुखीसोबत ताप, वजनात घट, रात्रीची असह्य कळ किंवा पायांत अशक्तपणा असेल, तर प्रथम तपासणी करून घ्यावी. वेदना ही शरीराने दिलेली सूचना होय. ती कशाची सूचना आहे हे समजून घेतल्यावरच तिला शांत करावे.