सरळ रस्त्याची झीज

जुन्या जीपचे स्टिअरिंग दोन बोटांनी इकडे-तिकडे हलते, पुढची चाके मात्र जागची ढळत नाहीत. गॅरेजमध्ये निदान लगेच होते : "बॉक्स गेला." उपायही ठरलेला असतो : "स्क्रू आवळून देतो." निदान पुष्कळदा खरे निघते. उपायावर विसंबण्याआधी मात्र हा स्टिअरिंगचा बॉक्स कुठे आणि का झिजतो, ते समजून घ्यायला हवे.

महाराष्ट्रात या जीपला जुना इतिहास आहे. १९४९मध्ये मुंबईच्या माझगावात महिंद्राने अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. पुढे विलीजने १९५३मध्ये आणलेले सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल इथे परवान्याखाली बनू लागले. अमेरिकेत ते १९६८मध्ये बंद झाले, आपल्याकडे मात्र त्याची वंशावळ त्यानंतरही कित्येक वर्षे चालली. म्हणूनच ओतूर-जुन्नरच्या वाटेवर किंवा कोकणातल्या एखाद्या वाडीत अशी जीप अजून दिसते.

तिचा स्टिअरिंग बॉक्स ‘रॉस’ पद्धतीचा. इंडियाना राज्यातल्या लफाएटमध्ये डेव्हिड रॉस यांनी १९०६ साली गिअर बनवण्याची कंपनी काढली. पर्ड्यू विद्यापीठाच्या ज्या मैदानाला त्यांचे आणि लेखक जॉर्ज एड यांचे नाव आहे, तेच हे रॉस. युद्धकाळातल्या लष्करी जीपमध्येही त्यांच्याच पद्धतीचा बॉक्स होता.

रचना थोडक्यात अशी. स्टिअरिंगच्या नळीच्या खालच्या टोकाला कडक पोलादाचा दंडगोल असतो आणि त्यावर खोल, पिळदार खाच कातलेली असते. मिस्त्री त्यालाच वर्म म्हणतात. आडव्या शाफ्टच्या लिव्हरवरच्या दोन निमुळत्या पिना या खाचेत बसतात. स्टिअरिंग फिरले की खाच पिनांना सरकवते, शाफ्ट थोडा वळतो आणि त्यावरचा ड्रॉप आर्म पुढेमागे होतो. तिथून ड्रॅग लिंक, बेल क्रँक, टाय रॉड आणि शेवटी चाके. गाडी सरळ असताना दोन्ही पिना खाचेत असतात. पूर्ण वळणाकडे जाताना एक बाहेर पडते. त्यामुळे गिअरचे प्रमाणही बदलते : मध्यावर १२ला १, टोकांना १४ला १.

आता झिजेकडे. गाडी बहुतेक आयुष्य सरळच चालते. खड्ड्याचा प्रत्येक हादरा, डांबर उखडलेल्या रस्त्याची प्रत्येक थरथर पिनांमार्फत खाचेच्या त्याच मधल्या भागावर आदळते. टोकांकडची खाच तुलनेने कोरी राहते. रॉसच्या अभियंत्यांना हे पक्के ठाऊक होते. त्यांनी सरळ चालीच्या जागी खाच मुद्दामच उथळ ठेवली, म्हणजे झीज झाल्यावर स्क्रूने पिना आत दाबता येतील आणि तरीही वळणावर त्या अडकणार नाहीत. जीपच्या दुरुस्ती-पुस्तकाची सूचना स्पष्ट आहे : समायोजन फक्त सरळ स्थितीत करायचे, चाके वळलेली असताना जाणवणाऱ्या ढिलाईची काळजी करायची नाही. झिजेचा इतका आधीपासून विचार केलेला भाग मोटारीत क्वचितच सापडेल.

म्हणजे स्क्रू आवळणे ही लबाडी नव्हे; पण त्याला मर्यादा आहे. मधला उथळपणा झिजून संपला, की सरळ स्थितीतला प्ले, म्हणजे ढिलाई, काढायला आवळलेला स्क्रू टोकांना पिना जखडून टाकतो. वरंधा घाटातल्या आवळ वळणावर असे स्टिअरिंग जड होते आणि वळण संपल्यावर आपसूक परत येत नाही. ओढून आणावे लागते. ही अवस्था प्लेपेक्षा जास्त धोक्याची आहे. प्ले असलेल्या गाडीचा चालक निदान सावध असतो.

तरीही बॉक्स सोडवण्याआधी दहा मिनिटे गाडीखाली घालवावीत. एकाने स्टिअरिंग हलवायचे, दुसऱ्याने ड्रॉप आर्मवर हात ठेवायचा. स्टिअरिंग फिरूनही आर्म स्तब्ध असेल तर दोष बॉक्सचा. आर्म हलतो आणि पुढचा सांधा हलत नाही, तर ड्रॅग लिंकचे बॉल किंवा बेल क्रँकची पिन झिजलेली. जॅकवर उचललेले चाक वर-खाली धरून डुलते तेव्हा व्हील बेअरिंग आणि किंगपिनची बेअरिंगे पाहायची. बॉक्स चेसिसला घट्ट आहे का, बोल्टच्या भोकांभोवती तडे नाहीत ना, हेही बघायचे. इथे गणित फसवे असते : ड्रॉप आर्मकडचा अवघा एक अंशाचा ढिलेपणा बाराच्या प्रमाणात वाढतो आणि ४३ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर जवळपास साडेचार सेंटिमीटर दिसतो. म्हणून निदान स्टिअरिंगवरून नव्हे, सांध्यांवरून करावे.

उघडलेला बॉक्स स्वतःच साक्ष देतो. काळे पडलेले ग्रीस पुसून नळी उजेडात धरली, की खाचेच्या भिंती टोकांना करड्या आणि एकसारख्या दिसतात. मध्यावर चकचकीत खळगा असतो, त्यात नख अडकते. कधी वरचा कडक थर खवल्यांसारखा उडालेला असतो. पिनांच्या गोलाईवर एका बाजूने सपाट चट्टा पडलेला असतो. अशा खाचेला वेल्डिंगने भरून लेथवर कातून घेण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नये. वेल्डच्या उष्णतेने पोलादाचा कडकपणा जातो किंवा बारीक तडे राहतात, आणि हा भाग तुटला तर गाडी हातात राहत नाही. ड्रॉप आर्म तापवून वाकवणेही तितकेच वर्ज्य.

पर्यायी बॉक्स पुण्याच्या नाना पेठेत, कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानांत किंवा थेट हरियाणातल्या मंडी डबवालीत शोधला जातो. नवा माल देशातच बनतो. डाव्या स्टिअरिंगच्या परदेशी गाडीचा बॉक्स उजवीकडे सहसा चालत नाही. जुना घ्यायचा असेल तर शाफ्ट टोकापासून टोकापर्यंत फिरवून मध्यावरचा आणि कडेचा ढिलेपणा ताडून पाहावा. नुसता बाहेरचा रंग पाहून पैसे मोजू नयेत. दुसऱ्याच गाडीचा बॉक्स बसवायला चेसिस कापणाऱ्यांनी एक आठवण ठेवावी : २०२१पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आहे, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेल्या गाडीला ती मिळत नाही.

बसवताना क्रम चुकवू नये. ड्रॉप आर्म हातोड्याने न ठोकता पुलरने काढावा आणि जागेची खूण आधीच करून ठेवावी. नव्या बॉक्समध्ये आधी वरच्या झाकणाखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून नळीच्या बेअरिंगचा उभा खेळ काढायचा. पिनांचा स्क्रू त्यानंतर. ड्रॅग लिंक जोडण्यापूर्वी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजायचे, निम्मे उलटे फिरवून मध्य पकडायचा आणि चाके सरळ ठेवून मगच सांधा जोडायचा. हा मध्य चुकला तर गाडी सरळ जाईल, पण उथळ भाग बाजूला पडेल आणि रॉसची सारी योजना वाया जाईल.

बॉक्समध्ये जाड गिअर ऑइल भरावे. शाफ्टचे सील गळते म्हणून घट्ट ग्रीस कोंबण्याची सवय आहे. असे ग्रीस पिनेने एकदा बाजूला सारले की खाचेत परतत नाही आणि मधली जागा कोरडी चालते. नवे सील नव्या बॉक्सहून स्वस्त पडते.

शेवटी चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहायची. ॲक्सलवरचे स्टॉप बोल्ट आधी टेकले पाहिजेत. बॉक्सच्या आतला लिव्हर आधी अडला, तर दगडावर चढलेल्या चाकाचा सगळा जोर त्या दोन पिनांवर येतो. बोल्ट सारून लॉकनट आवळावेत, आणि काही दिवस गाडी चालवल्यावर ड्रॉप आर्मचा नट पुन्हा एकदा तपासावा.