अंगणातली पिटुनिया आणि आपला फवारणी पंप



गळीत हंगाम सुरू झाला, की आपल्या घरात तोडीची चिठ्ठी, ट्रॅक्टरची वाट आणि वजनकाट्याची पावती हेच विषय चालतात. अशा दिवसांत शेतकी खात्याच्या माणसाने फुलझाडावर लिहावे, हे काहींना नवल वाटेल. परंतु गटात फिरताना अनेक घरांतील माता-भगिनी विचारतात, "साहेब, उसाचं सगळं सांगता, मग आमच्या कुंडीतली पिटुनिया का जाते, तेवढं सांगा की." प्रश्न रास्त आहे. शिवाय कुंडीत जे बिघडते, त्याचे कारण पुष्कळदा आपल्या शेतातल्या सवयींत असते. म्हणून हा लेख.

झाडाची ओळख

पिटुनिया मूळची दक्षिण अमेरिकेतील ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे या भागांतली. तिचे नावच मुळी तिकडच्या आदिवासी भाषेतील तंबाखूच्या शब्दावरून आले आहे. कारण हे झाड तंबाखूच्या कुळातले. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा हेही त्याच भावकीतले. १८३० च्या दशकात युरोपात पांढऱ्या आणि जांभळ्या फुलांच्या दोन रानटी जातींचा संकर झाला आणि त्यातून आजची बागेतली पिटुनिया तयार झाली. ही भावकी लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक मोठ्या फुलाचा आणि दुसरा लहान पण भरपूर फुलांचा. मोठे फूल दिसायला देखणे, पण अवकाळी पावसाच्या एका सरीत ते चिंध्या होऊन लोंबते. लहान फुलाचा प्रकार जास्त काटक आहे.

हंगाम, बी आणि रोपे

आपल्याकडे हे थंडीचे झाड. सप्टेंबर-ऑक्टोबरात बी टाकावे. अडीच-तीन महिन्यांत फुले सुरू होतात आणि मार्चअखेर टिकतात. एप्रिलच्या उन्हात झाड आटोपते, तो त्याचा दोष नव्हे. थोडक्यात, कारखान्याचा हंगाम तोच पिटुनियाचा हंगाम.

बी फार बारीक असते. एका ग्रॅममध्ये आठ-दहा हजार दाणे भरतात. म्हणून ते बारीक वाळूत मिसळून पसरट ट्रेमध्ये टाकावे. वर माती लोटू नये, कारण या बियाण्याला उगवायला उजेड लागतो. झारीने पाणी घातले, तर बी वाहून एका कोपऱ्यात जाते. त्यापेक्षा ट्रे थोडा वेळ उथळ पाण्यात ठेवून खालून ओल येऊ द्यावी. आठ-दहा दिवसांत उगवण होते. पाच-सहा आठवड्यांत रोपे लागणीला येतात. एवढा खटाटोप नको असेल, तर नोव्हेंबरात रोपवाटिकेतून रोपे आणावीत.

संकरित पिटुनियाचे बी धरून पुढच्या वर्षी लावले, तर तीच फुले येत नाहीत. संकरित मक्याचे जसे होते, तसेच हे. मात्र शेंड्याचा कोवळा तुकडा लावून रोप केले, तर मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे येतात. को ८६०३२ चे बेणे टिपरीने लावतो म्हणून तो ऊस पुढेही को ८६०३२ च राहतो. तोच नियम इथे आहे.

माती आणि जागा

दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. सावलीत झाड नुसते लांबते, फुले येत नाहीत.

मळ्यातली काळी माती तशीच कुंडीत भरू नका. ती पाणी धरते आणि मुळे कुजतात. एक भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू किंवा कोकोपीट, असे मिश्रण करावे. शेणखताऐवजी आपल्या कारखान्याचे प्रेसमड कंपोस्ट चालते, पण ते पूर्ण कुजलेले हवे. ताजे प्रेसमड तापते आणि मुळ्या जाळते. बॉयलरची राख मात्र घालू नका. ती विम्लधर्मी असते आणि या झाडाला थोडी आम्लधर्मी माती लागते. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे आहे ना, हे आधी बघा. दहा इंची कुंडीत दोन रोपे पुरेत. वाफ्यात लावायची तर एक फूट अंतर ठेवावे.

पाणी आणि खत

पाणी ही आपली जुनी खोड आहे. पाटाचे पाणी आले की सोडून द्यायचे, ही सवय उसाचे नुकसान करते आणि पिटुनियाला तर मारतेच. कुंडीत बोट घालून बघावे. वरची इंचभर माती सुकली असेल, तरच पाणी द्यावे. सकाळी द्यावे आणि बुडाशी द्यावे. पाकळ्यांवर रात्रभर पाणी राहिले, तर त्या सडतात.

युरियाची चिमूट जास्त पडली, की पाने माजतात आणि फुले रुसतात. त्यापेक्षा १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम या प्रमाणात दर पंधरा दिवसांनी द्यावे.

जेठा कोंब आणि खोडवा

उसात जेठा कोंब काढला की फुटवे वाढतात, हे आपण जाणता. पिटुनियाचेही तसेच आहे. रोप चार-पाच इंचांचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फांद्या फुटून झाड डेरेदार होते. सुकलेले फूल नुसते पाकळीने ओढू नये, खालच्या देठासकट काढावे. बोंड राहिले, तर झाडाची ताकद बी भरण्यात जाते. जानेवारीअखेर झाड विस्कटले, तर निम्मे छाटून खत-पाणी द्यावे. तीन-चार आठवड्यांत पुन्हा बहर येतो. हा पिटुनियाचा खोडवाच समजा.

केवडा पडला तर

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, असे दिसले की ते उसातल्या केवड्याचे भावंड समजावे. चुनखडीच्या मातीत किंवा विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यामुळे झाडाला लोह घेता येत नाही. अशा वेळी ई.डी.डी.एच.ए. प्रकारचे चिलेटेड लोह एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम घालून मुळाशी द्यावे. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील, तर मात्र ती नत्राची कमतरता आहे. औषध आणण्यापूर्वी पान ओळखा.

पाने हाताला चिकट लागली, तर घाबरू नका. या झाडाची लव मुळातच चिकट असते. पानामागे मावा किंवा पांढरी माशी दिसली, तरच निंबोळी अर्काची फवारणी करावी.

तंबाखूचा हात

आता भावकीची गोष्ट. तंबाखूवर पडणारा मोझॅक नावाचा विषाणू पिटुनियावर पडतो, तसाच टोमॅटो आणि मिरचीवरही पडतो. तो वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहू शकतो. तळहातावर तंबाखू मळली आणि त्याच हाताने शेंडा खुडला, की रोग झाडात गेलाच म्हणून समजा. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे येतात, पाने वेडीवाकडी होतात. यावर औषध नाही. झाड उपटून जाळावे. रोपाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. परसातल्या टोमॅटोच्या वाफ्याला चिकटून पिटुनिया लावू नये.

एकच पंप नको

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. एका सभासदाच्या घरी अंगणातल्या सगळ्या कुंड्यांतली पाने दोरीसारखी पिळवटली होती. घरातल्यांना वाटले रोग आला. चौकशी केली तेव्हा कळले, की आदल्या आठवड्यात उसात २,४-डी मारलेला पंप नुसता पाण्याने विसळून त्यानेच कुंड्यांवर निंबोळी अर्क फवारला होता.

२,४-डी हे रुंद पानाच्या तणांचे औषध. ऊस गवताच्या कुळातला म्हणून तो तगतो. पिटुनिया रुंद पानाची, तिला पंपाच्या नळीत राहिलेला अंशही पुरतो. टोमॅटो, वांगी, कापूस, द्राक्ष यांचेही तसेच होते. फरक इतकाच, की कुंडीतले नुकसान काही रुपयांचे असते आणि शेजाऱ्याच्या द्राक्षबागेवर वाऱ्याने तुषार गेले, तर एक वर्षाचे पीक आणि कायमचा शेजार, दोन्ही जातात.

म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा आणि त्यावर रंगाने मोठी खूण करा. दुसरा पंप घेणे शक्य नसेल, तर धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून नळी आणि नोझलमधून थोडे सोडावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे. ते पाणी विहिरीत, पाटात किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतू नये. एवढे करूनही त्या पंपाने भाजीपाला व फुलझाडे फवारू नयेत, हेच बरे. वारा असताना तणनाशक मारूच नये.

दारातल्या कुंडीतले पान पिळवटलेले दिसले, तर आधी आपला पंप तपासा. शंका असेल, तर दोन-चार पाने कागदात गुंडाळून गट कार्यालयात द्या, किंवा आपल्या चिटबॉयकडे पाठवा. उसाचे पान असो की पिटुनियाचे, शेतकी खाते ते बघून सांगेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी