टाकलेल्या पानांचा खेळ

रमीचे नियम पाच मिनिटांत सांगून होतात. दोन कॅट एकत्र पिसायचे, त्यांत दोन छापील जोकर घालायचे, कापायला द्यायचे आणि प्रत्येकाला तेरा पानं वाटायची. उरलेली गड्डी मधे. तिच्यातलं एक पान उघडून जोकर ठरवायचा, दुसरं सरळ करून शेजारी ठेवायचं. पाळी आली की एक पान उचलायचं, एक टाकायचं. तेराच्या तेरा पानं सिक्वेन्समध्ये किंवा सेटमध्ये बसली की शो. सिक्वेन्स किमान दोन हवेत आणि त्यांतला एक जोकरशिवाय लागलेला, म्हणजे प्युअर. डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीत दुपारी ज्यांच्याकडे रमी बसते, त्या काकूंनी हे सगळं मला चहा गाळता गाळता सांगितलं. आणि मग पानं दिलीच नाहीत. आपल्या पाठीमागे स्टूल ठेवलं. "आधी बस इथे. माझा हात बघू नकोस, खाली काय पडतंय ते बघ."

हे शिकवणं किती नेमकं होतं ते मला हळूहळू उमगत गेलं. नवशिक्याचे डोळे आपल्याच तेरा पानांना चिकटलेले असतात. जुना खेळाडू आपला हात एकदा लावून घेतो आणि मग क्वचितच त्याच्याकडे बघतो. चौघे खेळत असतील तर एकशे सहा पानांतली बावन्न वाटण्यातच जातात. एक जोकरला, एक उघडं, म्हणजे गड्डीतही बावन्नच उरतात. तुम्हाला हवं असलेलं पान गड्डीत असण्याची शक्यता थोडी जास्त, पण ते कुणाच्या तरी हातात अडकून बसलेलं असण्याची शक्यताही फार कमी नाही. कुठे आहे ते कळायचा मार्ग एकच: कोण काय टाकतंय आणि कोण काय उचलतंय.

काकूंच्या हातातली पानं लावण्याची पद्धतही वेगळी आहे. आपण सगळे बदाम एकीकडे, इस्पिक दुसरीकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत असे ओळीने लावतो. त्या तसं करत नाहीत. लागलेला सिक्वेन्स मधे, नको असलेली पानं दोन-तीन ठिकाणी विखुरलेली. टाकायचं पान दर वेळी एकाच टोकाकडून निघालं, तर समोरच्याला कळतं की त्या टोकाला निकामी पानं आहेत आणि उरलेला हात जुळत आलाय. त्यांच्या समोर बसणाऱ्या आजोबांना हे बरोबर दिसतं. उचललेलं पान कुठे खोचलं गेलं हेही ते बघून ठेवतात.

मग हिशेब. माझ्या मते खरी रमी इथून सुरू होते. समजा हातात बदामाची सत्ती आणि नव्वी आहे. मधली अठ्ठीच हवी. दोन कॅटमध्ये बदामाच्या अठ्ठ्या दोनच. त्याऐवजी सत्ती आणि अठ्ठी असेल तर छक्कीही चालते, नव्वीही चालते, म्हणजे चार पानं. आता याच जोडीला इस्पिकची सत्तीही हातात आहे असं धरा. दोन वेगळ्या रंगांच्या सत्त्या झाल्या, त्यामुळे किलवरच्या दोन आणि चौकटच्या दोन सत्त्याही उपयोगी. तीन पानं धरून आठ पानांची वाट बघता येते. काकू हातात असे त्रिकोण शोधत असतात. एक्का-दुर्री बघून नवा माणूस खूश होतो, पण तिथे फक्त तिर्री लागते, दोनच पानं, आणि एक्का अडकला तर दहा गुण अंगावर. राजा, राणी, गुलाम यांचेही दहा-दहा. समोरच्याने शो केला तेव्हा तुमचा प्युअर लागलेला नसेल, तर सगळी पानं मोजली जातात, ऐंशीपर्यंत.

टाकण्यातही असाच विचार. छक्की जोकर झाली असेल तर पंजी आणि सत्ती टाकायला त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण हातात आलेली छक्की कुणी सरळ सिक्वेन्समध्ये घालवत नाही, ती जोकर म्हणून राखतो. डावीकडच्याने मघाशी किलवरची दश्शी उचलली असेल, तर किलवरची नव्वी आणि गुलाम आता दाबून ठेवायचे, आपला हात थोडा बिघडला तरी. आणि एखाद्याने दोनदा चौकट टाकली म्हणून त्याला चौकट नकोच असं समजायचं नाही. मुद्दाम शेजारचं पान टाकून हवं ते काढून घेण्याची युक्ती जुनीच आहे.

हाच खेळ लोकलमध्ये बघितला की त्यातला स्मरणाचा भाग आणखी स्पष्ट होतो. बसायला मिळावं म्हणून डोंबिवलीहून उलटं कल्याणला जाऊन रिटर्न येणारे जे ग्रुप आहेत, त्यांतल्या काहींची रमी गाडी सुटायच्या आतच वाटून झालेली असते. समोरासमोरच्या बाकांवर चौघे, गुडघे भिडलेले. पूर्वी त्यांवर ब्रीफकेस आडवी असायची. आता पाठीवरच्या मऊ बॅगा आल्या, तेव्हा कुणीतरी मुलाचं परीक्षेचं पॅड आणतं. तेवढ्या जागेत टाकलेली पानं पसरता येत नाहीत. एकावर एक पडतात, वरचं तेवढं दिसतं, खालचं ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं. 1916 पासूनच्या पारसिक बोगद्यातून जलद लोकल जायच्या तेव्हा आवाजाने बोलणं बंद व्हायचं, डाव चालू राहायचा. आता त्या कळव्याकडून बाहेरूनच जातात. डोंबिवली ते ठाणे साधारण वीस मिनिटं. ठाण्याला दारातून लोंढा आत आला की पानं छातीशी धरली जातात, आणि गाडी हलली की कुणी न विचारता पाळी जिथे होती तिथून पुढे. "काका, तुमचं पान," एवढंच ऐकू येतं. यात काही ग्रुप जागा अडवतात, नव्या माणसाला बसू देत नाहीत. ते मला अजिबात मान्य नाही. खेळ चांगला असला म्हणून चौथी सीट कुणाच्या मालकीची होत नाही.

पडलेली पानं लक्षात ठेवणं, काय धरायचं आणि काय टाकायचं ते ठरवणं, यात कौशल्य लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानेही 1967 साली मान्य केलं आहे. सिकंदराबादच्या एका क्लबचं ते प्रकरण होतं. तीन पत्तीसारख्या खेळात निव्वळ नशीब, रमीत मात्र कौशल्याचा भाग मोठा, असा फरक न्यायालयाने केला. त्याच निकालात, क्लब खेळावर नफा कमवत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो, हेही म्हटलं होतं. पुढे मोबाइलवरच्या रमीच्या जाहिरातींनी कौशल्याचा शब्द तेवढा उचलला. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. माझी तक्रार पैशांपलीकडचीही आहे. मोबाइलवर पानं आपोआप रंगवार लागतात, टाकलेल्या पानांची यादीही बोट लावलं की समोर येते. ज्या दोन गोष्टी करता करता माणूस शिकतो, त्या यंत्राने करून दिल्या की उरतं ते नुसतं उचलणं-टाकणं. म्हणून शिकायचं तर टेबलावर, एखाद्या काकूच्या मागे बसून शिकावं, असं मी आग्रहाने सांगतो.

डाव सोडणं मात्र पाठीमागे बसून कळलं नाही. त्यासाठी पानं हातात यावी लागली. एकशे एकच्या पूलमध्ये, म्हणजे एकशे एक गुण झाले की माणूस बाहेर अशा खेळात, पहिल्याच पाळीला पॅक केलं तर वीस गुण, नंतर सोडलं तर चाळीस. तेरा पानं आली की ती उचलून बघणारा प्रत्येक जण मनात काहीतरी जुळवतोच, आणि एखादं पान आलं तर हात होईल असं त्याला वाटतं. काकूंचा नियम कोरडा आहे. जोकर नाही, प्युअरकडे जाणारी दोन लागोपाठची पानं एकाच रंगाची नाहीत, तर पहिल्या पाळीला पानं खाली. शंभरच्या जवळ पोचलेला माणूस वीस द्यायला घाबरतो आणि खेळत बसतो. त्याच डावात बाहेर जाणारे मी बरेच बघितले. त्या स्वतः ब्याऐंशीवर असताना एकदा असाच हात आला. वीस घेतले तर बाहेरच. तेव्हा त्यांनी पॅक केलं नाही, पण पहिल्या तीन पाळ्यांत राजा आणि दोन राण्या टाकून दिल्या, राण्यांची जोडी मोडून. आजोबांनी शो केला तेव्हा त्यांचे सोळा लागले. ब्याऐंशी आणि सोळा, अठ्ठ्याण्णव. वहीत आकडा लिहून त्यांनी पुढच्या डावासाठी पत्ते माझ्याकडे कापायला दिले.