ब्राउझर, जावास्क्रिप्ट आणि घरधनी

संकेतस्थळ उघडलें म्हणजे दूरच्या संगणकावरून केवळ मजकूर व चित्रें येतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. त्यांच्यासोबत आज्ञांची एक यादीहि येते. आणि त्या आज्ञा दूरच्या यंत्रांत नव्हे, तर पाहणाऱ्याच्याच संगणकांत पाळल्या जातात. ही यादी ज्या भाषेंत असते ती जावास्क्रिप्ट. नेटस्केप कंपनींतील ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं तिचें पहिलें रूप अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केलें. आज नकाशे, पेढीचे व्यवहार, प्रवासाचें आरक्षण यांपैकीं बहुतेक कामें तिच्यावांचून अडतात.

परंतु पाहुण्यानें घरांत कोठवर यावें, हें ठरविण्याचा अधिकार घरधन्याचा. तो बजावण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मज्जावाचा. एकाच पानावर त्या स्थळाच्या स्वतःच्या आज्ञा असतात, तशाच जाहिरातदारांच्या व वाचकाच्या हालचाली टिपणाऱ्यांच्याहि असतात. क्रोम ब्राउझरच्या सेटिंगमध्यें एखाद्या स्थळापुरती जावास्क्रिप्ट बंद करतां येते. याहून बारीक निवड नोस्क्रिप्ट हें जोडसाधन करतें. इटलीच्या जॉर्जिओ माओने यांनीं तें २००५ सालीं प्रसिद्ध केलें. ज्यांना परवानगी दिली त्यांच्याच आज्ञा चालाव्या, इतरांच्या अडवाव्या, असा त्याचा शिरस्ता. आरंभीं कांहीं पानें मोडकीं दिसतात. आवश्यक तेवढी परवानगी देतांच तीं सुधारतात.

दुसरा मार्ग स्वतःची आज्ञा देण्याचा. एरन बूडमन यांनीं २००४ सालीं ग्रीजमंकी रचून तो सुलभ केला. टँपरमंकी हें त्याच कुळांतलें. येथें वाचक स्वतः लहानशी युजरस्क्रिप्ट लिहितो. ती कोणत्या पत्त्यावर चालावी, हें तिच्या माथ्यावर नोंदलेलें असतें. बारीक अक्षर मोठें करणें, आपोआप सुरू होणारें चित्रण थांबविणें, महिना आधीं लिहिणाऱ्या अमेरिकन तारखा आपल्या रीतीनें मांडणें, अशीं कामें ती करते. मूळ स्थळ जसेंच्या तसें राहतें. बदल होतो तो आपल्या पडद्यावर. युजरस्क्रिप्ट काढून टाकली कीं पान पूर्ववत् होतें.

मात्र किल्ली परक्याच्या हातीं देणें धोक्याचें. पानावर जें वाचकाला दिसतें व जें तो टंकतो, तें सर्व युजरस्क्रिप्टला वाचतां येतें. परवलीचा शब्दहि त्यांतून सुटत नाहीं. म्हणून अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कन्सोलमध्यें कांहींहि चिकटवूं नये. फायरफॉक्स व क्रोम तेथें प्रथम इशारा देतात, तो याचसाठीं. युजरस्क्रिप्टला मोजकेच पत्ते नेमून द्यावे, पेढीचा पत्ता त्यांतून वगळावा, आणि तिच्यांत काय लिहिलें आहे हें स्वतःला उमगत नसेल तर जाणत्याकडून तपासून घ्यावें. एवढी दक्षता घेतली, तर संगणकाचें घरधनीपण घरधन्याकडेच राहतें.